मांजराच्या हनुवटीवरचे काळे ठिपके

राजूरमध्ये मांजराची हनुवटी काळी दिसली, तर पहिला संशय कोळशावर जातो. वणी तालुक्यातलं हे गाव खाणींचं आणि चुनाभट्ट्यांचं. अंगावर धूळ बसणं इथं नेहमीचंच. म्हणून आधी ओल्या सुती फडक्यानं हनुवटी हलकेच पुसून पाहा. धूळ असेल तर फडक्यावर उतरेल. ठिपके कातडीतच रुतून राहिले, तर ते बहुधा मुरूम आहेत.

पिसवांची विष्ठाही अशीच काळ्या कणांसारखी दिसते. तिची ओळख सोपी आहे: कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवले की भोवती तांबूस डाग पसरतो, कारण त्यात पचलेलं रक्त असतं. तसं झालं तर उपाय हनुवटीवर नाही, पिसवांवर करायचा.

मांजराच्या हनुवटीत आणि ओठांच्या कडेला तेलग्रंथी दाट असतात. दाराच्या चौकटीवर किंवा आपल्या पायावर ते हनुवटी घासतं, तेव्हा स्वतःचा वास तिथं ठेवत असतं. कधी या ग्रंथींचं तेल आणि कातडीच्या मृत पेशी केसाच्या मुळाशी साचतात, छिद्र बुजतं आणि बुजलेला भाग काळा दिसू लागतो. आत जंतू वाढले की लाल पुटकुळी, मग पू, कधी रक्त. माणसाच्या मुरुमांसारखा याचा वयात येण्याशी संबंध नाही. बोका असो वा मांजरी, कोणत्याही वयात हे होऊ शकतं. काहींना एकदाच होतं, काहींना पुन्हा पुन्हा.

सुरुवात ताटलीपासून करा. प्लॅस्टिकच्या भांड्यावर बारीक ओरखडे पडतात, त्यांत तेलकटपणा आणि जंतू टिकून राहतात, आणि मांजर रोज त्यातच हनुवटी बुडवतं. प्रत्येक वेळी दोष भांड्याचाच असतो असं नाही, पण हा बदल इतका स्वस्त आहे की आधी तोच करावा. स्टीलची उथळ ताटली किंवा काचेची बशी चालते. ती रोज साबणानं घासा. पाण्याचं भांडंही घासा, नुसतं वरून भरत जाऊ नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याच्या आतल्या बाजूवर बुळबुळीत थर लवकर धरतो. दूध-भात किंवा मासळी खाल्ल्यावर हनुवटीला उष्टं राहिलं, तर तेवढं पुसून कोरडं करा.

आता शेक. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ विरघळवा. मऊ फडकं त्यात बुडवून पिळा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा. चटका बसत नसेल तर तीन ते पाच मिनिटं हनुवटीला धरा. दिवसातून एकदोनदा पुरे. साचलेलं तेल मऊ होतं आणि थोडं थोडं सुटून येतं. नंतर टिपून कोरडं करा. घासू नका, ब्रश नको, आणि नखांनी पिळणं तर अजिबात नको. पिळल्यावर छिद्र आतल्या आत फुटतं, जंतू खोल जातात, आणि जिथं नुसता ठिपका होता तिथं गाठ येते. मांजर पळू लागलं तर सोडून द्या, संध्याकाळी पुन्हा करा.

घरगुती औषधांबाबत एक गोष्ट सतत ध्यानात ठेवायची: हनुवटीवर लावलेलं सगळं शेवटी मांजराच्या पोटात जातं. ते पंजा ओला करून हनुवटी पुसतं आणि पंजा चाटतं. त्यातच फिनॉलसारखे पदार्थ निकामी करण्याची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. म्हणून डेटॉल, फिनाईल, टी ट्री तेल यांना हातही लावू नये. कडुनिंबाचं तेलही नको. माणसांच्या मुरुमांची मलमं नकोत, कारण त्यांतलं सॅलिसिलिक आम्ल मांजराला विषारी ठरू शकतं आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडची मात्रा त्याच्या कातडीला फार तीव्र असते. खोबरेल तेलानं आधीच तेलकट असलेली जागा आणखी तेलकट होते.

हळद-चुन्याचा लेप मात्र वेगळा सांगायला हवा. सुजेवर तो लावायची आपल्याकडे जुनी सवय, आणि राजूरला चुना हाताशीच. पण चुना दाहक आहे. फुटलेल्या पुटकुळीवर तो कातडी भाजतो आणि चाटल्यावर जीभ. भट्टीकडून आलेल्या मांजराच्या अंगावर पांढरी भुकटी दिसली, तर आधी कोरड्या कापडानं झटका, मगच भरपूर पाण्यानं धुवा. कळीचा चुना थोडक्या पाण्यात तापतो.

क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मांजरांच्या मुरुमांवर खरोखर वापरलं जातं, पण किती पातळ करायचं ते पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. डोळ्यात किंवा कानात ते जाता कामा नये, आणि दुकानातल्या ज्या जंतुनाशकात सेट्रिमाइड मिसळलेलं असतं ते मांजरासाठी नाही.

नुसते काळे ठिपके असतील, मांजर नीट खात असेल, तर दोनतीन आठवडे ताटली आणि शेक यांवर थांबायला हरकत नाही. हनुवटी सुजली, पू-रक्त येऊ लागलं, हात लावू देईना किंवा खाणं कमी झालं, तर वणीला पशुवैद्यकाकडे न्या. अशा वेळी प्रतिजैविकं लागू शकतात. गोल चट्टे पडून केस झडू लागले, तर आणखी लवकर न्या. तो गजकर्ण असू शकतो, आणि मांजराला कुशीत घेणाऱ्या मुलांना तो लागतो. पशुवैद्यक केस उपटून किंवा कातडी हलकी खरवडून तपासतात, कारण बुरशी आणि सूक्ष्म किडे यांची लक्षणंही मुरुमांसारखीच दिसतात.

ठिपके गेल्यावर शेक बंद करा. ज्या मांजराला ते परत येतात, त्याची हनुवटी आठवड्यातून एकदोनदा कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडी करत राहा, आणि स्टीलची ताटली कायम ठेवा.