खंजिरीची गाणी : काही रूढ गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यात नेरपासून उमरखेडपर्यंत आणि दारव्ह्यापासून वणीपर्यंत पुष्कळ गावांतून दिवेलागणीच्या सुमारास गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आजही होते, आणि तिच्यामागोमाग खंजिरी घुमू लागली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पदे ज्यांना तोंडपाठ येत नाहीत असे इसम त्या गर्दीत शोधावे लागतात. एवढी लोकप्रियता ज्या गाण्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या कर्त्याविषयी, काळाविषयी आणि घडणीविषयी मात्र याच मुलखात जे समज प्रचलित आहेत, ते ऐकून कोणाही जिज्ञासू माणसास विस्मय वाटावा.

यांतला सर्वांत जुनाट गैरसमज असा की, 'या झोपडीत माझ्या' हे पद देहूच्या तुकाराम महाराजांचे आहे. नावांतील साधर्म्यामुळे हा घोटाळा झाला असेल हे उघडच आहे. परंतु एक सतराव्या शतकातील इंद्रायणीकाठचे, तर दुसरे ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे माणिक बंडोजी इंगळे या नावाने जन्मलेले आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या कृपाछत्राखाली 'तुकड्या' झालेले, हा भेद क्षणभर बाजूला ठेवला तरी पदाची रचनाच खरा कर्ता कोण हे सांगून टाकते. तुकोबांचा अभंग अक्षरांवर चालतो : मोठा असल्यास सहा, सहा, सहा आणि चार अशा चार चरणांचा, लहान असल्यास आठ-आठ अक्षरांचा, आणि त्यात लघुगुरूंचा हिशेब कोणी मागत नाही. उलट वरील पदाचे नुसते शीर्षक बोटांवर मोजून पाहावे : दोन गुरू, एक लघू, एक गुरू, पुन्हा एक लघू आणि शेवटी दोन गुरू, म्हणजे सात अक्षरांत बारा मात्रा. हाच क्रम लागोपाठ दोनदा आला की आनंदकंद वृत्ताची एक ओळ सिद्ध होते; आणि आनंदकंद हे अभंगाचे गोत्र नव्हे, ते विसाव्या शतकातील गझलेच्या आणि भावगीताच्या घरात वावरलेले वृत्त आहे. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस तेच शब्द ठरलेल्या जागी येऊन थांबण्याची जी लकब या पदात आहे, तीही गझलेतील अंत्ययमकाच्या अधिक जवळची आहे. छंदःशास्त्राची तोंडओळख असलेल्या शिक्षकाने हे पद फळ्यावर मांडून दाखविले, तर चौथीपाचवीतील मुलालाही हा फरक कळेल.

दुसरा समज असा की खंजिरी भजन म्हणजे वारकरी भजनाचीच एक वऱ्हाडी शाखा. दोहोंत भक्ती समान असली तरी सरंजाम निराळा. वारकऱ्यांच्या दिंडीत वीणा, मृदंग आणि टाळ यांचे राज्य; येथे गाणारा स्वतःच वाद्य वाजवितो. लाकडी कड्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले, कड्याला पाडलेल्या खाचांतून लहान लहान झांजा अडकविलेल्या, असे हे आटोपशीर वाद्य एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यावर थाप द्यावयाची, आणि त्याच दमात शब्दही स्पष्ट उच्चारावयाचे. पावसाळ्यात चामडे ओल धरून सैल पडते, म्हणून भजनास आरंभ होण्यापूर्वी ते विस्तवाजवळ शेकून घ्यावे लागते. प्लास्टिकच्या पडद्याची खंजिरी आल्यापासून ही खटपट वाचली, पण नादातली ऊबही गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाद्य कोणीही हलवावे आणि वाजावे इतके सोपे असते, तर अकोटच्या सत्यपाल महाराजांनी एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून समाजप्रबोधन करण्यात जी ख्याती मिळविली तिचे कोणाला अप्रूप वाटले नसते. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर होळीत डफावर गायिली जाणारी बंजारा लेंगी हीदेखील काही मंडळी अज्ञानाने याच सदरात घालतात. तिचा येथे संबंध नाही.

'हल्ली भजनांना सिनेमाच्या चाली लावतात, पूर्वी असे नव्हते' ही तक्रार तर प्रत्येक गावच्या पारावर ऐकू येते. तुकडोजी महाराजांच्या भजनसंग्रहांची पाने उलटणाऱ्यास दिसेल की पदाच्या माथ्यावर 'चाल' किंवा 'तर्ज' म्हणून तत्कालीन लोकांच्या ओठांवरील एखाद्या गाण्याचा निर्देश केलेला असतो. श्रोत्यास जी चाल आधीच अवगत आहे तिच्यावर नवा विचार बसविला म्हणजे तो शिकविण्याचे श्रम वाचतात, हे त्यांनी जाणले होते. सबब चालीच्या उसनवारीचा दोष आजच्या पिढीच्या खात्यावर टाकण्याचे कारण नाही.

महाराजांनी मराठीखेरीज हिंदीतही विपुल रचना केली, ही गोष्ट ऐकून पश्चिम महाराष्ट्रातील वाचक चकित होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे ती रचना दुय्यम समजतात. या जिल्ह्याचा दफ्तरी इतिहास ठाऊक असणाऱ्यास त्यात नवल वाटणार नाही. निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड पुढे १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला आणि १९५६ पर्यंत आपला कारभार नागपूरच्या द्विभाषिक राजधानीतून चालला. ज्या प्रांतात एकाच बाजारात दोन भाषा नांदत होत्या तेथे लोककवीनेही दोहोंत गावे हे स्वाभाविकच होते.

आता जपानविषयी. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेस महाराज गेले होते आणि तेथे त्यांची खंजिरी वाजली, हे सत्य आहे. परंतु 'राष्ट्रसंत' ही पदवी त्यांना तेथे मिळाली असे जे कोठे कोठे सांगितले जाते ते साफ चूक. ती राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या मुखातून आलेली आहे. याच्या अगदी विरुद्ध टोकाला जाऊन काही सुशिक्षित मंडळी असा संशय घेतात की, ज्यांना आपल्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता त्या जपान्यांनी भजनाला दाद दिली ही भक्तांनी रचलेली कथा असावी. या संशयास उत्तर जपाननेच दिले आहे. क्यू साकामोटो या गायकाचे आद्यंत जपानी भाषेत गायिलेले एक गीत १९६३ साली अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसले, आणि ते डोक्यावर घेणाऱ्या असंख्य अमेरिकन श्रोत्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता. सूर आणि ताल यांना दुभाष्या लागत नाही हे तरुण मंडळी तर रोजच अनुभवतात. जपानी वाद्यवृंदांची गाणी मोबाईलवर ऐकणाऱ्या आपल्या मुलांना जपानी भाषा येते असे थोडेच आहे?

ही गाणी म्हणजे निरुपद्रवी देवभक्ती, असे मानणाऱ्यांनी १९४२ साल आठवावे. ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे जनतेचा उद्रेक झाला, त्यामागे महाराजांच्या भजनांची चेतावणी आहे असा सरकारचा ग्रह झाला आणि २८ ऑगस्ट रोजी चंद्रपूर येथे त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. लोकनायक अणे यांच्या नेतृत्वाखाली १९३० साली पुसदचा जंगल सत्याग्रह ज्या जिल्ह्याने पाहिला, त्याला तरी गाण्यातले राजकारण समजावून सांगावे लागू नये.

राहता राहिला विद्वानांचा गैरसमज, की गेय रचना म्हणजे साहित्य नव्हे. याच यवतमाळ नगरीत १९७३ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ग. दि. माडगूळकरांकडे होते, ज्यांची कीर्ती गीतांवर उभी आहे. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांची 'ग्रामगीता' लिहिणाऱ्या पुरुषाची पदे मात्र अद्याप समीक्षकांच्या दारात तिष्ठत उभी आहेत. ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती आणि अस्पृश्यतानिवारण हे विषय ज्याने आनंदकंदापासून ओवीपर्यंत सर्व छंदांत बसविले, त्याच्या रचनेचा छंदाच्या अंगाने अभ्यास व्हावयास हवा.

तोपर्यंत जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना आणि भजन स्पर्धांच्या संयोजकांना एवढीच विनंती, की कार्यक्रमपत्रिका छापखान्यात धाडण्यापूर्वी 'या झोपडीत माझ्या'समोर कवी म्हणून तुकाराम महाराजांचे नाव पडले असल्यास ते खोडून तेथे तुकडोजी महाराज असे लिहावे.