हुकूम सुटतो, पण पोचत नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात ‘जीबीएस’ हे नाव घराघरांत पोचलं. गियाँ-बारे सिंड्रोम हे त्याचं पूर्ण नाव. बघता बघता संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही जण दगावले. एरवी वर्षभरात लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. अनेकांची हकिगत मिळतीजुळती होती. आधी जुलाब-उलट्या, त्या थांबल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातातला पेला धरवेना.

नातेवाइकांना सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच असते. हातपाय लुळे पडलेला रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं ऐकू येतं, समजतं. मेंदूचा स्कॅन काढला तर तोही ठीक. मग बिघाड आहे कुठे?

त्यासाठी मज्जासंस्थेची वाटणी समजून घ्यावी लागते. कवटीतला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू हा झाला मध्यवर्ती भाग. तिथून निघून बोटांच्या टोकांपर्यंत, कातडीपर्यंत, स्नायूंपर्यंत गेलेल्या नसा हा परिघीय भाग. पायाचा अंगठा हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतल्या दुसऱ्या चेतापेशीकडे सोपवला जातो आणि त्या पेशीचा जवळपास मीटरभर लांबीचा एकच तंतू तो स्नायूपर्यंत नेतो. जीबीएसमध्ये हुकूम देणारा शाबूत असतो. बिघडलेली असते ती बाहेरची वाट.

या वाटेवर संदेश जातो कसा? तारेतून वीज जाते तसा नाही. तंतूच्या पातळ पडद्याला सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की बाहेरचे सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि तेवढ्या जागी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता विजेचा झटका उमटतो. त्या झटक्याने शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे सरकतात, तसाच हा प्रकार. काम होतं, पण वेळ लागतो. साध्या, आवरण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर जातो. पायाला ठेच लागल्यावर स्पर्श लगेच कळतो आणि ठसठस मागाहून येते, ती अशाच मंद तंतूंमुळे.

वेगवान तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. ते सलग नसतं, साधारण मिलिमीटरभर अंतरावर त्यात फटी असतात आणि झटका फक्त या फटींपाशीच पुन्हा उमटतो. मधली सगळी माणसं वगळून घमेलं थेट दहाव्याच्या हाती पडावं तसं. त्यामुळे वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही वर जाऊ शकतो. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतला वेग पहिल्यांदा मोजला, तेव्हा तो सेकंदाला तीसेक मीटरच भरला. तोवर हा वेग मोजताच येणार नाही, असं त्याच्या गुरूंसकट अनेकांना वाटत होतं.

जीबीएसच्या नेहमीच्या प्रकारात हल्ला होतो तो या वेष्टनावर. करणारीही आपलीच प्रतिकारशक्ती. दूषित पाणी किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूच्या आवरणातले काही घटक नसांवरच्या घटकांसारखे दिसतात. जिवाणूसाठी तयार झालेल्या प्रतिपिंडांची गफलत होते आणि त्या नसांवर तुटून पडतात. या जिवाणूनंतर काही जणांत वेष्टनाऐवजी तंतूच जखमी होतो. मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, बाहेरच्या नसांमधलं श्वान पेशी. मेंदू या हल्ल्यातून वाचतो, त्याचं हे एक मोठं कारण.

सर्वांत लांब नसा पावलांकडे जातात. जितकी वाट लांब, तितक्या जागी ती तुटण्याची शक्यता जास्त. म्हणून सुरुवात बहुधा पायांपासून आणि दोन्ही बाजूंनी होते. पक्षाघातात बहुधा एकच बाजू जाते. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाहतात तेही याचसाठी. ती उसळी मेंदूला न विचारताच, मांडी ते मज्जारज्जू आणि परत एवढ्याच फेऱ्यात घडते. ती नाहीशी झाली, तर शंका बाहेरच्या नसांवर जाते.

खरा धोका अशक्तपणा वर चढण्यात आहे. श्वासपटलाला हुकूम नेणारी नस मानेतून निघते. ती सापडली की श्वास उथळ होतो. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. गिळताना ठसका लागणं, मान उचलता न येणं, एका श्वासात वीसपर्यंत आकडे मोजता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही सापडतात, त्यामुळे रुग्णालयात मॉनिटर लावून ठेवतात.

उपचार दोन आहेत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. दोन्ही महाग, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केले तर जास्त उपयोगी. स्टिरॉइडचा इथे फायदा होत नाही.

हल्ला ओसरल्यावर श्वान पेशी पुन्हा वेष्टन गुंडाळू लागतात आणि बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालतात. तंतूच तुटला असेल तर मात्र तो दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर या हिशेबाने दोन-अडीच वर्षांचं. फिजिओथेरपिस्ट घरच्यांना आधी हेच गणित समजावतात. मांड्या आधी जोर धरतात, पाऊल उचलणं त्यानंतर आणि पायाची बोटं सगळ्यांत शेवटी.