टंकी फुल, गाडी बंद

"भाऊ, टंकी तं फुल आहे, मंग गाडी काहून बंद पडून राहिली?" नागपूरच्या कळमना मार्केटच्या आसपासच्या गॅरेजवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. या भागात जुनी सीडी हंड्रेड, पहिल्या पिढीतली स्प्लेंडर, एखादी जिवापाड जपलेली आरएक्स हंड्रेड अजून रोज कामाला जुंपलेली दिसते. पहाटेच्या लिलावाला मालकासोबत यायचं आणि दुपारी पोतं नाहीतर दुधाचे कॅन लादून परत जायचं, हा तिचा दिनक्रम. एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांचं कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर टाकीखालचा तो बोटभर पेट्रोल कॉकही गेला. जुन्या गाड्यांवर तो आहे, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही टिकून आहेत.

पहिला गैरसमज रिझर्वचा. रिझर्वची वेगळी टाकी असते, असं अनेकांना अगदी मनापासून वाटतं. तशी काही नसते. कॉकचा जो भाग टाकीच्या आत जातो, त्याला एक उभी नळी असते. कॉकची चावी 'ऑन'वर असली की पेट्रोल या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की गाडी आचके देते. चावी 'रिझर्व'वर फिरवली की तळाजवळचं भोक उघडतं आणि तेच पेट्रोल, त्याच टाकीतून, खालून यायला लागतं.

यातूनच दुसरा गैरसमज निघतो : रिझर्वला लावली की कचरा येतो, म्हणून तिकडे चावी फिरवायचीच नाही. कचरा येतो हे खरं आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते आणि टाकीतला गंज तळाशी बसतो, आणि रिझर्वचं भोक नेमकं तिथंच. पण वर्षानुवर्षं तिकडे चावी फिरवली नाही, तर ती घाण तिथंच साठत राहते आणि एखाद्या दिवशी, पेट्रोल खरंच संपलेलं असताना, एकदम कार्बुरेटरात उतरते. त्यापेक्षा अधूनमधून रिझर्ववर चालवावं आणि कॉकखाली गाळाची वाटी असेल तर ती आणि आतली जाळी साफ करावी. पावसाळा संपल्यावर तर नक्कीच.

आता गळतीकडे येऊ, कारण खरा गोंधळ इथं आहे. गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला की "कॉक गेला, नवीन टाका" असा निकाल लागतो. पण थेंब कुठून पडतोय, हे आधी बोटानं चाचपून पाहा. कार्बुरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पडत असेल तर दोष फ्लोटच्या सुईचा आहे. सुई नीट बसत नाही, वाटी भरत राहते, जास्तीचं पेट्रोल बाहेर येतं. कॉक बंद केल्यावर गळती थांबते, म्हणून कॉकवर आळ येतो. नवा कॉक बसवला तरी दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. अर्थात रात्री चावी बंद असूनही गळत असेल, तर दोघंही गुन्हेगार. सुई पेट्रोल अडवत नाही आणि कॉकही अडवत नाही. हे दुर्लक्षित राहिलं तर कधीकधी पेट्रोल इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी ऑइल बदलायचं.

कॉकची परीक्षा पाच मिनिटांत होते. कार्बुरेटरकडची नळी काढून तिचं तोंड एखाद्या डब्यात सोडा. 'ऑफ'वर थेंबही यायला नको. 'ऑन'वर सलग धार हवी. धार सुरुवातीला चांगली येऊन हळूहळू मंदावली, तर टाकीचं झाकण उघडा. उघडताच धार पुन्हा वाढली तर कॉक निर्दोष आहे. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. टंकी फुल असूनही गाडी बंद पडते, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. धुळीच्या भागात हे छिद्र बुजायला वेळ लागत नाही.

'ऑफ'वर गळत असेल तर मात्र कॉक खोलायचा. चावीच्या मागे भोकं असलेली रबराची चकती असते, तिलाच पॅकिंग म्हणतात. ती कडक होते, तिच्यावर चर पडते. बाकी कॉक ठणठणीत असतो. कित्येक गाड्यांसाठी हे पॅकिंग आणि ओ-रिंग सुट्या मिळतात. चावीच्या ज्या चपट्या तोंडावर पॅकिंग टेकतं, तिथं ओरखडे असतील तर काचेवर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाण्यात भिजवून, हलक्या हातानं ते तोंड घासायचं. नंतर स्क्रू बेतानं आवळायचे. कॉकचं अंग नरम धातूचं असतं, आटे सहज जातात. चावी रिबिटनं बंद केलेली असेल तर हा खटाटोप सोडून नवा कॉक आणावा.

सायकलच्या ट्यूबमधून पॅकिंग कापून लावण्याचा जुगाड कळमन्यात नवा नाही, आणि दोन दिवस तो चालतोही. पण ट्यूबचं रबर पेट्रोलात फुगतं, भोकं अरुंद होतात आणि पेट्रोल अडतं. इथं नायट्राइल रबर लागतं, व्हायटॉन मिळालं तर उत्तम. सिलिकॉन सीलंट तर लावूच नका. पेट्रोलात त्याचे तुकडे सुटून थेट जेटमध्ये जातात. साबणाची वडी चोळण्याचा जुना उपाय यापेक्षा बरा. साबण पेट्रोलात विरघळत नाही, घरापर्यंत नेतो. त्यापुढे नाही.

"हे सगळं इथेनॉलनं केलं" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये पंपांवर यायला लागलं. जुन्या रबरावर त्याचा परिणाम होतो आणि इथेनॉल पाणीही ओढून घेतं. दुचाकींचं मायलेज 3 ते 4 टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिलेला आहे. पण 25 वर्षांचं पॅकिंग साध्या पेट्रोलातही कडक झालंच असतं.

काम करताना एक गोष्ट पाळायचीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. गॅरेजला लागून चहाची टपरी असेल तर टाकी तिथं रिकामी करू नका, दहा पावलं लांब, मोकळ्या हवेत न्या. मे महिन्यात तर टपरीजवळ मुळीच नाही. 2013 साली याच शहरानं 47.9 अंश पाहिलेत.

जुन्या कार्बुरेटरवाल्या ॲक्टिव्हावर लोक चावी शोधत बसतात. तिथला कॉक इंजिनाच्या ओढीवर आपोआप उघडतो, चावी नसतेच.

आणि कॉक दुरुस्त झाल्यावर पंपावर टाकी भरून घ्या, पण चावी रिझर्ववरून 'ऑन'वर आणायला विसरू नका. नाहीतर पुढच्या वेळी आचके येऊन सूचना मिळणार नाही. संत्र्यांचे दोन क्रेट मागे बांधलेले असताना भंडारा रोडवर गाडी थेट थांबेल, आणि मग चावी कितीही फिरवली तरी टाकीत काही उरलेलं नसेल.