नाव मोठं, प्रोजेक्ट खोटा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. थर्ड इयरवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी.

आमच्या चौघींच्या ग्रुपने प्रोजेक्टचा विषय दिला होता, ‘बायोडिझेलच्या सर्व थर्मोडायनॅमिक प्रॉपर्टीजचा अंदाज’. नावावरच आम्ही खूश! सरांनी एकच विचारलं, “उत्तर चुकलं, तर तुम्हाला कळणार कसं?” चौघी गप्प. विषय परत आला आणि सिनॉप्सिस द्यायला उरले आठ दिवस.

मुळात अंदाज कशाला? प्लांट डिझाइन करताना कितीतरी रसायनांचे बॉइलिंग पॉइंट लागतात आणि सगळे काही कोणी मोजलेले नसतात. मग रेणूचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ठरलेला आकडा द्यायचा आणि बेरीज करायची. याला म्हणतात ग्रुप कॉन्ट्रिब्यूशन. त्यातली जोबॅक यांची पद्धत एकदम सोपी. ती आली त्यांच्या एमआयटीमधल्या १९८४ च्या मास्टर्स थीसिसमधून. म्हणजे तोही एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्टच की!

हिशोब मेसच्या बिलासारखा. १९८.२ हा फिक्स्ड चार्ज. त्यात प्रत्येक सीएच-थ्रीचे २३.५८ आणि प्रत्येक सीएच-टूचे २२.८८ मिळवा, की बॉइलिंग पॉइंट केल्विनमध्ये तयार.

त्या रात्री आम्ही रूमवर बसून कॅल्क्युलेटर बडवला. दहा कार्बनच्या डेकेनचं उत्तर आलं ४२८. मोजलेला आकडा ४४७, म्हणजे आपलं १९ ने कमी. वीस कार्बनच्या आयकोसेनचं आलं ६५७. मोजलेला ६१७, म्हणजे चक्क ४० ने जास्त! आधी वाटलं, बेरीज चुकली. तीनदा केली, तेच.

मग ट्यूब पेटली. ही पद्धत दर सीएच-टूमागे तेवढेच २२.८८ वाढवते. प्रत्यक्षात साखळी लांबते तशी ही वाढ घटत जाते. पेंटेनवरून हेक्झेनवर जाताना बॉइलिंग पॉइंट सुमारे ३३ ने चढतो, पण एकोणीस कार्बनवरून विसावर जाताना १५ नेसुद्धा नाही.

विषय सापडला! सरळ साखळीच्या अल्केन्समध्ये जोबॅकची चूक कशी बदलते आणि ती कमी करता येईल का, एवढाच. मोजलेले आकडे निस्टच्या केमिस्ट्री वेबबुकवर फुकट मिळतात, त्यामुळे आपण कुठे चुकलो हे आपल्याला आधी कळतं, एक्स्टर्नलला नंतर. सरांनी सही केली.

तेव्हा विषय निवडताना तीन गोष्टी बघा. ताडून पाहायला मोजलेला डेटा आहे का? पहिलं उदाहरण एका रात्रीत हाताने सुटतं का? आणि पद्धत कुठे फसते, ते दिसतंय का? जिथे फसते, तिथेच तुमचा प्रोजेक्ट आहे. भारदस्त नाव काय, बाइंडिंगच्या आदल्या दिवशीही सुचतं!