अभिकल्प शिक्षण, विद्यापीठीय

अभिकल्प शिक्षण, विद्यापीठीय : माणसाच्या वापरातील वस्तू, चिन्ह, जागा किंवा व्यवस्था कशी असावी, हे तिच्या निर्मितीपूर्वी विचारपूर्वक ठरविण्याच्या कृतीस अभिकल्प किंवा रूढ भाषेत डिझाइन म्हणतात. या कृतीचे अध्ययन, अध्यापन व प्रत्यक्ष सराव विद्यापीठीय पातळीवर ज्या पद्धतीने चालतो, त्याचा विचार येथे केला आहे. मराठीत नक्षी, आराखडा, रचना, संकल्पचित्र असे अनेक शब्द याच अर्थाने योजले जातात. परंतु प्रत्येक शब्द या कृतीची एकच बाजू दाखवितो.

हा शब्दांचा घोटाळा शिक्षणातही उतरला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शाळकरी मुलास हा विषय प्रथम भेटतो, तो शासकीय रेखाकला परीक्षांतील संकल्पचित्र या प्रश्नपत्रिकेत. तेथे दिलेला भौमितिक आकार अलंकरणाने भरून रंगवावयाचा असतो. तोच विद्यार्थी पुढे शेगाव येथील श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९८३) यंत्र अभियांत्रिकी शिकू लागला, तर अभिकल्प म्हणजे दंड, दंतचक्र, स्प्रिंग इ. घटकांवरील प्रतिबलांचे गणित असे त्यास आढळते. पहिल्यात वस्तूचा उपयोग नाही आणि दुसऱ्यात ती वापरणारा माणूस नाही. हे दोन्ही एकत्र आणणे हे अभिकल्प शिक्षणाचे मुख्य काम होय.

परंपरागत कारागिरीत ही फारकत नव्हती. वऱ्हाडात पेरणीसाठी वापरण्यात येणारी तिफण हे याचे चांगले उदाहरण आहे. चाड्यात सोडलेले बी नळ्यांतून तीन फणांच्या मागे सारख्या प्रमाणात पडावे लागते. बियाण्याचे प्रमाण पेरणाऱ्याच्या, पुष्कळदा पेरणाऱ्या स्त्रीच्या, मुठीवर अवलंबून असल्याने चाड्याची उंची तिच्या हाताला जुळावी लागते. सुतार हे अवजार घडवी, त्याच गावात ते चाले आणि बिघडल्यास त्याच्याचकडे परत येई. योजणारा, घडविणारा व वापरणारा यांच्यात अंतर नसल्यामुळे चूक लवकर कळे. मात्र ही सुधारणा पिढ्यान् पिढ्या चाले. नवी गरज एकाएकी उभी राहिली की ती पद्धत अपुरी पडते. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याचे कौतुक केले, ते याच दृष्टीने. त्या अहवालातूनच पुढे अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा एक प्रवाह मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून (१८५७) आला. तेथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, परंतु हे शिक्षण दीर्घकाळ विद्यापीठाबाहेर, शासकीय पदविकेच्या रूपात राहिले. दुसरा प्रवाह जर्मनीतील. बाउहाउस (१९१९–३३) या विद्यालयाने कला व कारागिरी एकत्र शिकविली, तर उल्म येथील विद्यालयाने (१९५३–६८) तीस विज्ञानाची व पद्धतशीर विश्लेषणाची जोड दिली. जे. जे. व उल्म या दोन्ही ठिकाणी शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. अभियांत्रिकी पदवी देणाऱ्या संस्थेत असे केंद्र निघणे ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. दृश्य संप्रेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे १९८४ मध्ये, तर पदवी अभ्यासक्रम २०१५ मध्ये सुरू झाला.

या शिक्षणाचा कणा व्याख्यान नसून प्रकल्प हा असतो. विद्यार्थी प्रथम वापरणाऱ्याच्या ठिकाणी जाऊन निरीक्षण करतो, अडचण कोणती ते स्वतः ठरवितो, अनेक कच्ची रेखाटने व प्रतिकृती करतो, त्या वापरून पाहावयास देतो आणि बहुतेक टाकून देतो. अडचण तयार स्वरूपात हाती येत नाही, हा गणितातील उदाहरणाहून असलेला मोठा फरक होय. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे योग्य असू शकत असल्याने तीन तासांच्या लेखी परीक्षेत याचे मापन होत नाही. परीक्षक मंडळापुढे काम मांडून त्याची कारणे सांगावी लागतात. साचेबंद उत्तरपत्रिकेला सरावलेल्या विद्यापीठांना ही रीत पचनी पडणे अवघड जाते.

शिकविणारे स्वतः काम करीत असणे हेही येथे आवश्यक मानले जाते. भारतीय इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचे बाह्य रूप व वापराची मांडणी पवई केंद्रातील अध्यापकांनी केली. उमेदवाराचे नाव, त्याचे चिन्ह व निळी कळ एका ओळीत येतात. कळ दाबताच लाल दिवा लागतो व दीर्घ आवाज होतो. निरक्षर मतदारास कोणाच्याही मदतीवाचून व गुप्तता राखून मत देता यावे, या अटीतून ही मांडणी आली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर, बुलढाणा मतदारसंघातही, वापरले गेले. त्याच केंद्रातील अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरीचा ‘मंगल’ हा संगणकीय टंक सिद्ध केला, तर तेथे संशोधन करणारे डी. उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये शासनाने स्वीकारले.

या शिक्षणाच्या प्रवेशाची बाजू तेवढी उजळ नाही. पवई संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या पदवी प्रवेशपरीक्षेत चित्रांकन व निरीक्षणशक्ती तपासली जात असली, तरी प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मेहकर वा लोणार तालुक्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा हात रेखाटनात तयार असला, तरी प्रश्नाचे शब्द त्याच्या आड येतात. शिवाय शेतीच्या अवजारांवर प्रकल्प करणाऱ्यांपैकी तिफणीमागे स्वतः चाललेले विद्यार्थी त्यामुळे थोडेच उरतात. प्रकल्पांतून तयार झालेले नमुने प्रदर्शनानंतर कार्यशाळेतच पडून राहणे, ही तक्रारही जुनी आहे. वापरणाऱ्याकडून नमुना परत येण्याची, म्हणजे सुताराच्या अंगणात सहज होत असे ती, सोय अभ्यासक्रमाच्या सत्रांत बसत नाही. प्रकल्प संपतो तेव्हा पेरणीचा हंगाम बहुधा सुरू झालेला नसतो.