वायरलेस ड्रायव्हरमधील बफर ओव्हरफ्लो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाय-फाय ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा प्रोग्राम. हवेतून आलेला माहितीचा तुकडा, म्हणजे फ्रेम, तो उघडतो, तिच्यातले रकाने वाचतो आणि मजकूर मेमरीत आधीच राखून ठेवलेल्या जागेत, म्हणजे बफरमध्ये उतरवतो. मजकूर जागेपेक्षा मोठा निघाला आणि ड्रायव्हरने तो मोजलाच नाही, तर शेजारच्या मेमरीवर लिहिले जाते. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. सी भाषा ही मर्यादा आपणहून सांभाळत नाही; ती तपासणे प्रोग्रामरकडे सोपवलेले असते.

पासवर्ड भक्कम असला की धोका उरत नाही, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. राउटर आपले अस्तित्व कळवण्यासाठी सेकंदाला साधारण १० बीकन फ्रेम सोडतो आणि नेटवर्क शोधणारे प्रत्येक उपकरण त्या वाचते. पासवर्डचा प्रश्न त्यानंतर येतो. हल्लेखोर जवळपास असावा लागतो, हे खरे. पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. रायपूरच्या गुढ़ियारीसारख्या गजबजलेल्या घाऊक बाजारात एकाच अँटेनाच्या टप्प्यात कितीतरी दुकानांचे संगणक आणि गिऱ्हाइकांचे फोन येतात.

कोड सर्वांसाठी खुला असेल तर चूक कुणाच्या तरी नजरेस पडतेच, असेही मानले जाते. लिनक्समधील रिअलटेक चिपसाठीच्या ‘आरटीएल-वायफाय’ ड्रायव्हरचे उदाहरण याच्या उलट आहे. वाय-फाय डायरेक्टमध्ये, म्हणजे राउटरशिवायच्या थेट जोडणीत, एक उपकरण आपण काही काळ गैरहजर राहणार असल्याची सूचना दुसऱ्याला पाठवते. अशा प्रत्येक नोंदीला १३ बाइट लागतात. ड्रायव्हर सूचनेची लांबी फ्रेममधूनच वाचत असे, तिच्यातून २ वजा करून १३ ने भागत असे आणि येईल तितक्या नोंदी उतरवून घेत असे. नोंदींसाठी जागा मात्र दोनच होत्या. विशेष म्हणजे तिथे तपासणी होती: १३ ने भागून बाकी उरली तर सूचना नाकारली जाई. लांबीचा आकार पारखला गेला, पण तिची कमाल मर्यादा कुणी पाहिली नाही. २०१३ पासून कर्नलमध्ये असलेला हा दोष २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षा संशोधक निको वेसमन यांनी उघड केला. सुरक्षा दोषांच्या सीव्हीई या यादीत त्याला सीव्हीई-२०१९-१७६६६ हा क्रमांक मिळाला. दुरुस्ती अगदी छोटी होती: नोंदी दोनपेक्षा जास्त आल्या तर दोनच घ्यायच्या.

असे दोष शोधताना पाहण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे बाहेरून आलेली लांबी. ती कुठे वाचली जाते, कोणत्या गणितातून जाते आणि शेवटी कोणत्या लूपला किंवा कॉपीला पोचते, हा माग ओळीओळीने काढावा लागतो. गणितातही फसगत होते. २०२२ मध्ये लिनक्सच्या वाय-फाय कोडमध्ये सापडलेल्या सीव्हीई-२०२२-४१६७४ या दोषात लांबी आठ बिटांच्या चलात ठेवली होती. २५५ च्या पुढे गेलेली बेरीज त्यात पुन्हा शून्यापासून सुरू होते. मग राखलेल्या जागेत मावतो त्यापेक्षा जास्त मजकूर उतरवला जातो.

हा दोष डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठाच्या सोन्के हुस्टर यांनी फझिंगने शोधला. यात मुद्दाम बिघडवलेल्या फ्रेम मोठ्या संख्येने ड्रायव्हरवर सोडल्या जातात. नेहमीच्या चाचण्यांत राउटर नियमाला धरून बोलतो, म्हणून त्या पार पडल्या तरी असा दोष दिसत नाही. मात्र फझिंग केले की सगळे सापडते, हाही गैरसमजच. सोबत चालणारे केसॅन हे साधन राखलेल्या जागेच्या कडेबाहेर झालेले लिखाण पकडते. एकाच स्ट्रक्चरच्या पोटातल्या एका ॲरेतून दुसऱ्यात झालेला ओव्हरफ्लो त्याला दिसत नाही. आरटीएल-वायफायमधली नोंदींची जागा नेमकी अशीच मोठ्या स्ट्रक्चरच्या आत होती. तिथे ठरलेल्या आकाराच्या ॲरेची मर्यादा तपासणारे यूबीसॅन, स्मॅचसारखे कोड वाचणारे साधन आणि माणसाचे वाचन, तिन्हींची गरज पडते.

कर्नल अद्ययावत केला की काम संपले, हेही खरे नाही. वाय-फाय चिपमध्ये स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, चालते. २०१७ मध्ये सुरक्षा संशोधक नितय आर्टेनस्टाइन यांनी मांडलेला ‘ब्रॉडपन’ हा ओव्हरफ्लो ब्रॉडकॉमच्या चिपमधल्या फर्मवेअरमध्येच होता.

शोधकामासाठी खऱ्या रेडिओची गरजही नेहमी नसते. लिनक्समधील ‘मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम’ हे मॉड्यूल संगणकाच्या आतच आभासी वाय-फाय कार्डे उभी करते. शिकणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कवर फ्रेम सोडून उपकरणे बंद पाडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. सापडलेला दोष आधी ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्यांना किंवा सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावा आणि दुरुस्ती आल्यावरच तपशील जाहीर करावा.