मार डोक्याला, खचतं मन
डोक्याला मार लागतो, जखम भरते. तरी माणूस विसरतो, चिडतो, खचतो. घरच्यांना वाटतं, ‘आता तर बरा झालाय ना?’ हे खचणं खरं असतं, त्यावर उपचारही हवेत. कॅनडातल्या मिशेल बेदार्ड आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांवर सजगतेवर आधारित उपचार तपासले. दहा आठवड्यांची सत्रं. ध्यान मुद्दाम आखूड, भाषा सोपी, उजळणी भरपूर, कारण दुखावलेला मेंदू लवकर थकतो.

या पद्धतीचं मूळ जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात आहे. तिथला एक सराव : मनुका तळहातावर घ्यायची, सुरकुत्या न्याहाळायच्या, सावकाश चावायची, लक्ष भरकटलं की न रागावता परत आणायचं.

बेदार्ड यांच्या 2014 च्या अहवालात नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, तीन महिन्यांनंतरही. स्मरणशक्तीबद्दल मात्र पुरावा तोकडा आहे. ती सुधारेल असं आश्वासन देणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.